निवासी ट्रेलरच्या आसाचा अनुज्ञेय भार आणि भाराची सुरक्षित मांडणी

मोटारीच्या मागे जोडून ओढत न्यावयाच्या, व आत राहण्याची, निजण्याची आणि स्वयंपाकाची सोय असलेल्या चाकांवरील घरास अमेरिकेत ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यास निवासी ट्रेलर असे म्हटले आहे. आपल्याकडे हे वाहन क्वचितच दृष्टीस पडते. अमेरिकेत मात्र ते सामान्य कुटुंबाच्या वापरातले आहे. ते चालविणारा मनुष्य बहुधा व्यवसायाने चालक नसतो, आणि त्यात काय, किती व कोठे भरावयाचे हे तो स्वतःच्या सोयीने ठरवितो. ह्या कारणाने भाराचा प्रश्न येथे विशेष तीव्र होतो. यंत्रशास्त्राच्या अभ्यासकास ह्या विषयाचे आकर्षण वाटावे याचे कारण असे की, स्थितिशास्त्रातील परिबलाचा साधा नियम आणि आंदोलनशास्त्रातील संदमनाची कल्पना ही दोन्ही येथे एकाच वाहनाच्या सुरक्षिततेशी प्रत्यक्ष निगडित झालेली आढळतात.

“एकूण वजन मर्यादेच्या आत आहे, म्हणून वाहन सुरक्षित आहे” ही समजूत सर्वत्र रूढ आहे. ती अपुरी कशी, आणि काही वेळा धोकादायक कशी ठरते, हे दाखविणे हा ह्या लेखाचा हेतू होय.

१. अनुज्ञेय भार म्हणजे काय ?

अमेरिकेतील वाहन-सुरक्षेचे संघीय नियम १९६६ च्या कायद्यापासून निघाले आहेत. त्या नियमांनुसार प्रत्येक ट्रेलरवर निर्मात्याने एक प्रमाणपट्टी लावावी लागते व तीवर दोन प्रकारचे आकडे द्यावे लागतात : पहिला, वाहनाचा एकूण अनुज्ञेय भार, दुसरा, प्रत्येक आसाचा अनुज्ञेय भार.

दुसऱ्या आकड्याची व्याख्या लक्षपूर्वक पाहण्याजोगी आहे. निर्मात्याने एका आस-संहतीची भारवाहक शक्ती म्हणून जे मूल्य नमूद केले असेल व जे टायर आणि जमीन यांच्या स्पर्शस्थानी मोजले जाते, ते मूल्य म्हणजे आसाचा अनुज्ञेय भार, असा तिचा आशय आहे. ह्यातील ‘संहती’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आस म्हणजे केवळ पोलादी दांडा नव्हे. त्याच्याबरोबर तुंबे, बेअरिंगे, पाटे, रिमा, टायर आणि ब्रेक ही सर्व अंगे येतात, व त्यांतील सर्वांत दुर्बळ अंगाची जी शक्ती, तीच संहतीची शक्ती ठरते. म्हणून मूळ दांडा अधिक भाराचा असला तरी टायर कमी शक्तीचे असतील, तर तो अधिक भार कागदावरच राहतो. उलटपक्षी, मालकाने अधिक शक्तीचे टायर बसविले म्हणजे आसाचा अनुज्ञेय भार वाढला, असेही होत नाही.

टायरांविषयी नियम असा की, एका आसावरील सर्व टायरांच्या भारशक्तीची बेरीज त्या आसाच्या अनुज्ञेय भाराहून कमी असता कामा नये. मोटारीसाठी बनविलेला टायर ट्रेलरला लावल्यास त्याच्या छापील शक्तीला १.१० ने भागून मग ती हिशेबात धरावयाची असते. टायरवर छापलेली कमाल शक्ती ही विशिष्ट दाबाशी बांधलेली असते, हेही विसरता येत नाही. हवा कमी असेल तर टायरची बाजू अधिक वाकते, प्रत्येक फेऱ्यात अधिक उष्णता उत्पन्न होते, आणि तोच भार त्या टायरला अतिभार होतो.

येथे आणखी एक भेद केला पाहिजे. आसावरील भाराची मर्यादा दोन भिन्न हेतूंनी घातली जाते. एक मर्यादा रस्त्याच्या रक्षणासाठी असते. दुसरी वाहनाच्या रक्षणासाठी. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर एकेरी आसाची मर्यादा १९७४ च्या दुरुस्तीने १८,००० पौंडांवरून २०,००० पौंड, म्हणजे सुमारे ९,०७० किलोग्रॅम, करण्यात आली. भारतात २०१८ साली चार टायरांच्या एकेरी आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेण्यात आली. ह्या मर्यादा पहिल्या प्रकारच्या होत. निवासी ट्रेलरचा आस पुष्कळदा ३,५०० पौंडांचा, म्हणजे १,५८८ किलोग्रॅमचा असतो. तो रस्त्याच्या मर्यादेपासून फार दूर आहे. म्हणून रस्त्यावरील तपासणीत तो अडविला जाण्याचा संभव कमी. त्याचे रक्षण मालकाच्या समजुतीवरच सोपविलेले आहे.

२. परिबलाचा नियम

ट्रेलर आपला भार दोन ठिकाणी टेकवितो : आसावर आणि ओढणाऱ्या मोटारीच्या जोडगोळ्यावर. जोडगोळ्यावर दांडीचा जो भार पडतो त्यास आपण दांडीभार म्हणू. ट्रेलरचा एकूण भार भ, जोडगोळ्यापासून आसापर्यंतचे अंतर ल, व गुरुत्वमध्य आसाच्या पुढे अ इतक्या अंतरावर असेल, तर आसाभोवती परिबले घेऊन

दांडीभार = भ × अ ÷ ल

हे सूत्र मिळते. आणि आसावरील भार म्हणजे भ उणे दांडीभार. दुहेरी आस असेल तर दोन आसांचा मध्यबिंदू हा टेकू समजावा.

महाराष्ट्रातील बैलगाडीच्या चालकास हे सूत्र न लिहिताच अवगत असते. गाडीत पाठीमागे जास्त ओझे पडले की जू वर उचलले जाते व गाडी उलाळते; पुढे जास्त पडले तर जुवाचा दाब बैलांच्या मानेवर येतो. म्हणून गाडीवान गाडी भरताना पोती पुढेमागे सरकवून जू हाताने तोलून पाहतो. निवासी ट्रेलरच्या बाबतीत मोटारीचा जोड दांडीला वर उचलू देत नाही. त्यामुळे उलाळण्याचा दोष डोळ्यांना दिसत नाही, परंतु तो नाहीसा झालेला नसतो.

अमेरिकेत दांडीभार हा ट्रेलरच्या प्रत्यक्ष वजनाच्या शेकडा १० ते १५ असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. युरोपात हे प्रमाण बरेच कमी ठेवतात. तेथील मोटारींचे जोड बहुधा ७५ ते १०० किलोग्रॅमच्या आसपासचाच दांडीभार घेण्यास योग्य असतात, व ट्रेलर ओढतानाची वेगमर्यादाही कमी असते.

सूत्रापासून निघणारा एक उपसिद्धान्त व्यवहारात सर्वांत उपयोगी आहे. आसाच्या मागे स इतक्या अंतरावर व वजनाची वस्तू ठेवली, तर दांडीभार व × स ÷ ल इतका कमी होतो, आणि आसावरील भार वस्तूच्या वजनाहून तितकाच अधिक वाढतो. म्हणजे मागे ठेवलेली वस्तू आसाला स्वतःच्या वजनाहून जड भासते.

३. एक उदाहरण

दुहेरी आसाचा एक ट्रेलर घेऊ. प्रत्येक आसाचा अनुज्ञेय भार १,५८८ किलोग्रॅम, म्हणजे दोहोंचा मिळून ३,१७६ किलोग्रॅम. वाहनाचा एकूण अनुज्ञेय भार ३,४९० किलोग्रॅम. एकूण भार आसांच्या बेरजेहून अधिक कसा, असा प्रश्न वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, काही निर्माते दांडीभार मोटारीवर पडणार हे गृहीत धरून तो आसांच्या शक्तीत मिळवितात व त्यावरून एकूण भार ठरवितात. ही रीत गणिताने चूक नाही. परंतु दांडीभार पुरेसा राहील ह्या अटीवर ती उभी आहे, हे पट्टीवरून कळत नाही.

जोडगोळ्यापासून आसांच्या मध्यापर्यंतचे अंतर ५ मीटर समजू. नेहमीच्या सामानासह ट्रेलरचे वजन ३,२७० किलोग्रॅम व दांडीभार ३६० किलोग्रॅम, म्हणजे शेकडा ११. आसांवर २,९१० किलोग्रॅम पडतात. येथवर सर्व ठीक आहे.

आता आसांच्या मागे २ मीटरवर असलेली पाण्याची टाकी १५० लिटर पाण्याने भरली, आणि पाठीमागच्या चौकटीवर, आसांपासून ३.५ मीटरवर, चौकटीसह ७० किलोग्रॅम वजनाच्या सायकली टांगल्या. पाण्याने दांडीभार ६० किलोग्रॅमने घटतो व आसांवर २१० किलोग्रॅम चढतात. सायकलींनी दांडीभार ४९ किलोग्रॅमने घटतो व आसांवर ११९ चढतात. परिणामी एकूण वजन बरोबर ३,४९० किलोग्रॅम, म्हणजे अनुज्ञेय मर्यादेइतके. दांडीभार २५१, म्हणजे जेमतेम शेकडा ७. आणि आसांवर ३,२३९, म्हणजे मर्यादेहून ६३ किलोग्रॅम अधिक. एकूण वजनाची अट पाळली गेली. आसाची अट मोडली आणि स्थैर्याचीही मोडली. एकाच कृतीने हे दोन्ही दोष उत्पन्न व्हावेत हा योगायोग नव्हे. दोहोंचे मूळ गुरुत्वमध्य मागे सरकण्यात आहे.

आता सायकली काढून त्या आसांच्या पुढे २.५ मीटरवर आत ठेवल्या व टाकी रिकामी करून मुक्कामावर भरावयाचे ठरविले, तर एकूण वजन ३,३४०, दांडीभार ३९५ म्हणजे शेकडा ११.८, व आसांवर २,९४५ किलोग्रॅम असा हिशेब येतो. एकही वस्तू घरी न ठेवता, केवळ पाण्याचा प्रवास टाळून व ७० किलोग्रॅमची जागा बदलून, आसांना २९४ किलोग्रॅमची उसंत मिळाली.

पाण्याचा उल्लेख नियमांतही आला आहे. २००७ साली केलेल्या दुरुस्तीनुसार निवासी ट्रेलरवर सामानाच्या कमाल वजनाची स्वतंत्र पट्टी लावावी लागते. टाकीभर पाणी म्हणजे किती वजनाचे सामान, हे तीवर सांगितलेले असते. शिवाय ट्रेलरचा दांडीभार हा ओढणाऱ्या मोटारीच्या सामानाचाच एक भाग मोजावा लागतो. ही दुसरी गोष्ट विशेषेकरून ध्यानात ठेवावी. कारण दांडीभार वाढवून ट्रेलरचा प्रश्न सोडविताना मोटारीच्या मागच्या आसाचा प्रश्न निर्माण होऊ शकतो. दांडीभार फार झाला तर मोटारीची पुढची चाके हलकी होतात व सुकाणूची पकड सैल पडते.

४. आसांची वाटणी आणि चाकांची वाटणी

दुहेरी आसांवर भार समसमान पडतो असे आपण धरले. पाट्यांच्या रचनेत दोन आसांच्या पाट्यांमध्ये एक समकारी तरफ असते. ती एका बाजूचा भार दुसरीकडे वाटून देते, त्यामुळे हे गृहीत बऱ्याच अंशी खरे ठरते. रबरी पीळ देऊन झोके शोषणाऱ्या आसांत अशी तरफ नसते. प्रत्येक आस स्वतंत्र असतो. असा ट्रेलर जोडताना दांडी उंच राहिली तर मागच्या आसावर अधिक भार पडतो, खाली राहिली तर पुढच्या. म्हणून ट्रेलर सपाट राहील अशा उंचीवर जोडगोळा बसविणे ही केवळ दिसण्याची गोष्ट नाही.

डाव्याउजव्या बाजूंची वाटणी हा विषय त्याहून उपेक्षित आहे. स्वयंपाकाचा ओटा, शीतकपाट आणि बाहेर सरकणारी खोली ही एकाच बाजूस असली की ती बाजू जड होते. वरील सुधारलेल्या मांडणीत आसांवरील २,९४५ किलोग्रॅम भार शेकडा ५५ व ४५ असा वाटला गेला, तर जड बाजूच्या दोन चाकांवर १,६२० किलोग्रॅम, म्हणजे प्रत्येकी ८१० किलोग्रॅम येतात. आसाच्या अनुज्ञेय भाराचा निम्मा हिस्सा ७९४ किलोग्रॅम आहे. टायर प्रत्येकी ८२५ किलोग्रॅम शक्तीचे असतील तर ते अजून मर्यादेत आहेत. परंतु उरलेली सवलत अवघी १५ किलोग्रॅम, व तीही हवा पूर्ण दाबाची असेल तरच. दोषयुक्त मांडणीतील ३,२३९ किलोग्रॅम ह्याच प्रमाणात वाटले गेले असते, तर प्रत्येक जड चाकावर सुमारे ८९१ किलोग्रॅम पडून टायर निःसंशय अतिभारित झाले असते.

५. हेलकावे

आतापर्यंतचे विवेचन स्थिर वाहनाचे झाले. धावत्या ट्रेलरला वाऱ्याच्या झोताने, शेजारून जाणाऱ्या मालमोटारीने किंवा सुकाणूच्या हिसक्याने आडवा धक्का बसतो, व तो जोडगोळ्याभोवती डावीउजवीकडे हेलकावू लागतो. सुस्थितीत हे हेलकावे दोनतीन आवर्तनांत विरतात. विरावयास कारण असे की, चाके तिरपी घसरू लागली की टायर व रस्ता यांच्यामध्ये आडवे बल उत्पन्न होते. ह्या बलाचा एक भाग ट्रेलरला सरळ रेषेत आणतो, तर दुसरा भाग हेलकाव्याच्या वेगास विरोध करतो, म्हणजेच संदमन करतो.

जोडगोळा सरळ रेषेत समवेगाने चालला आहे असे मानून समीकरण मांडल्यास असे आढळते की, संदमनाचे प्रमाण वाहनाच्या वेगाच्या व्यस्त, आणि ट्रेलरच्या जोडगोळ्याभोवतीच्या निरूढी-परिबलाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. वेग दुप्पट झाला की संदमन निम्म्यावर येते. ह्या सोप्या प्रतिमानात संदमन शून्याखाली मात्र जात नाही. प्रत्यक्षात जोडगोळा स्थिर नसतो. ट्रेलरच्या ओढीने मोटारीची पाठ हलते, आणि ती हालचाल पुन्हा ट्रेलरला ढकलते. ह्या देवाणघेवाणीमुळे विशिष्ट वेगापलीकडे संदमन ऋण होते, व हेलकावे विरण्याऐवजी वाढत जातात. ह्या वेगास सीमावेग म्हणतात. पन्नास मैलांच्या वेगाने तासभर निर्धोक चाललेले वाहन साठ मैलांवर एकाएकी अनावर होते, त्याचे कारण हेच.

इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात डार्लिंग, टिली व गाओ यांनी केलेले व २००९ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग ह्या संदर्भात उल्लेखनीय आहेत. भार, आसाचे स्थान व वस्तुमानाची वाटणी स्वेच्छेने बदलता येईल असा ट्रेलर त्यांनी वापरला. निरूढी-परिबल, दांडीभार आणि आसाचे स्थान यांचा अतिवेगातील स्थैर्यावर मोठा परिणाम होतो. केवळ वस्तुमान वाढल्याने मात्र तसा लक्षणीय परिणाम होत नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. जोडाशी घर्षण वाढवून हेलकावे शमविणारी साधने कमी वेगात उपयोगी पडतात, पण अतिवेगातील स्थैर्यात त्यांनी फारसा फरक पडत नाही, असेही त्यांना आढळले. अशा साधनाच्या भरवशावर चुकीची मांडणी चालवून घेणाऱ्याने हा निष्कर्ष मनन करण्याजोगा आहे.

येथे एक सापळा आहे. मागे टांगलेल्या ओझ्याने दांडीभार घटला, म्हणून तेवढेच ओझे दांडीजवळ ठेवून काट्यावर आकडा बरोबर आणता येतो. दांडीभार सुधारतो खरा, परंतु दोन टोकांना दोन ओझी झाल्याने निरूढी वाढते. १०० किलोग्रॅमच्या दोन वस्तू मध्यापासून अर्ध्या मीटरवर ठेवल्या, तर त्यांचे मध्याभोवतीचे निरूढी-परिबल ५० किलोग्रॅम-वर्गमीटर होते; ३ मीटरवर ठेवल्या तर १,८००, म्हणजे छत्तीसपट. काट्याला दोन्ही मांडण्या सारख्याच दिसतात. वाऱ्याला दिसत नाहीत. म्हणून जड वस्तू आसाजवळ, किंचित पुढे आणि तळाशी, व हलक्या वस्तू टोकांना व वर, हा नियम दांडीभाराच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा समजावा.

हेलकावे सुरू झालेच तर वेग वाढवू नये, सुकाणूने उलट झटके देऊ नयेत. पाय काढून वेग उतरू द्यावा व ट्रेलरचे ब्रेक स्वतंत्रपणे लावण्याची सोय असेल तर ते हलकेच लावावे.

६. वजन कसे करावे ?

वरील सर्व हिशेब वजनकाट्यावर ताडून पाहता येतो. प्रवासाचे सर्व सामान भरून, जोडलेल्या स्थितीत, मोटारीचे आस एका फलाटावर व ट्रेलरचे आस दुसऱ्यावर येतील असे वाहन उभे करावे. मग ट्रेलर सोडून तेच प्रवासी व तेच इंधन असलेल्या एकट्या मोटारीचे वजन करावे. आपल्या उदाहरणातील दोषयुक्त मांडणीत मोटारीचे आस २,८५१ व ट्रेलरचे आस ३,२३९ दाखवितील. एकटी मोटार २,६०० भरेल. २,८५१ उणे २,६०० म्हणजे २५१ हा दांडीभार होय.

दांडीभार मोटारीच्या पुढच्या चाकांकडे ढकलणारा, पोलादी पट्ट्यांचा जोड वापरला असेल तर एक दक्षता घ्यावी लागते. त्या पट्ट्या जोडाच्या ठिकाणी एक बलयुग्म निर्माण करतात. त्यामुळे भाराचा काही अंश मोटारीच्या पुढच्या आसावर व काही ट्रेलरच्या आसांवर जातो. २०० किलोग्रॅम-मीटरच्या बलयुग्माने आपल्या ट्रेलरच्या आसांवर २०० ÷ ५, म्हणजे ४० किलोग्रॅम वाढतील. म्हणून दांडीभार मोजताना पट्ट्या सैल सोडाव्या, व आसांचा भार तपासताना त्या प्रवासाप्रमाणे ताणलेल्या असाव्या. प्रत्येक चाकाचे वजन निराळे करण्याची सोय मिळाल्यास ती अवश्य घ्यावी. डाव्याउजव्यातील तफावत दुसऱ्या कोणत्याही मार्गाने कळत नाही.

७. उपसंहार

सारांश, भाराची तपासणी म्हणजे एक प्रश्न नसून चार स्वतंत्र प्रश्न आहेत : एकूण भार मर्यादेत आहे काय, प्रत्येक आसावरील व चाकावरील भार मर्यादेत आहे काय, दांडीभार योग्य प्रमाणात आहे काय, आणि वस्तुमान आसाजवळ एकवटलेले आहे काय. पहिल्याचे होकारार्थी उत्तर इतर तिहींची हमी देत नाही. पहिल्या तिहींचे उत्तर काटा देतो. चौथ्याचे काटा देऊ शकत नाही, ते भरणाऱ्याच्या विवेकावरच अवलंबून असते.

हे विवेचन निवासी ट्रेलरापुरतेच मर्यादित नाही. ऊस, धान्य वा यंत्रे वाहून नेणाऱ्या कोणत्याही ओढल्या जाणाऱ्या गाडीला परिबलाचे व निरूढीचे हेच नियम लागू आहेत. केवळ अंतरे, वेग आणि आसांची रचना बदलते. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ह्यातून प्रयोगाचा एक सोपा विषयही मिळू शकेल : सरकविता येणारी वजने बसविलेले लहान प्रतिकृति-ट्रेलर फिरत्या पट्ट्यावर चालवून, दांडीभार तोच ठेवून केवळ निरूढी बदलली असता सीमावेग कसा उतरत जातो, हे प्रयोगशाळेत मोजता येईल.